अंधाराची गोडबोले पातळी

संपादकांनी फोनवर सांगितलं, "बाई, तुमच्या व्यवसायातला संघर्ष लिहा." मी म्हटलं, अहो, संघर्ष वगैरे काही नाही. बिबवेवाडीत एका शटरचं दुकान होतं, त्यात बसून आयुष्यभर सोल्डरिंग केलं, नाकात धूर गेला आणि लोकांशी भांडले. ते म्हणाले, मग तेच लिहा. तेव्हा वाचकांनी या लेखात संघर्ष शोधू नये, आणि सापडलाच तर संपादकांना परस्पर कळवावा.

माझं माहेर येरवड्याचं. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात एकच नियम होता, शिकायचं. काय शिकायचं ते पुढे बघता येईल. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि एका टीव्हीच्या कारखान्यात लागले. पट्ट्यावरून सर्किटं यायची, आम्ही बायका ओळीने बसून त्यांत पार्ट खोवायचो. मग देशाचे दरवाजे उघडले, परदेशी टीव्ही आत आले आणि आम्ही बाहेर आलो. काही महिने घरी बसले. भेटेल तो विचारायचा, "सध्या घरीच का?" हा प्रश्न ज्याला कोणी विचारलेला नाही त्याला तो किती लागतो ते कळायचं नाही. शेवटी आमच्याच सोसायटीच्या तळमजल्यावर एक शटर रिकामं होतं, ते भाड्याने घेतलं आणि वर माझ्या नावाची पाटी लावली. पाटीचा रंग वाळेपर्यंत मी खाली उभी राहून ती वाचत होते.

दुकानात मी छंदिष्टांसाठी सर्किटं बनवायची. टाकी भरली की ओरडणारा भोंगा, अंधार पडला की लागणारा दिवा, असल्या गोष्टी. आता ज्यांना इलेक्ट्रॉनिक्सची धास्ती वाटते त्यांनी पान उलटू नये. सगळ्या लेखात आयसी एकच आहे.

राजम्याच्या दाण्याएवढा काळा तुकडा, दोन्ही बाजूंना चार-चार पाय. नाव ऑप-अँप. तो पुष्कळ कामं करतो, पण मी त्याला बहुतेक वेळा एकाच कामाला जुंपलं, तुलनेच्या. त्याला दोन कान असतात समजा, एक अधिकचा आणि एक उण्याचा. दोन्ही कानांत थोडं थोडं व्होल्टेज द्यायचं. अधिकच्या कानात जास्त असेल तर तो बाहेरच्या पायावर जवळजवळ पूर्ण बॅटरी सोडतो. उण्याच्या कानात जास्त असेल तर हात आखडून बसतो. मधलं काही नाही. भाजीवाल्याचा तराजू निदान जरा वेळ डुलतो. इथे एका पारड्यात तिळाएवढं जास्त पडलं तरी ते धाडकन जमिनीला टेकतं. यालाच आम्ही कंपॅरेटर म्हणतो.

एका कानात बाहेरची बातमी सांगायची, म्हणजे उजेड किती, ओल किती, ऊन किती. दुसऱ्या कानात आपली अट सांगायची. अट बदलायला एक बारीक स्क्रू असतो, त्याला प्रीसेट म्हणतात. माझ्या धंद्यातली सगळी भांडणं या स्क्रूवरून झाली. आयसीला बातमी बरोबर कळते. आपल्याला नक्की काय हवंय, हे गिऱ्हाइकाला सांगता येत नाही.

वरच्या गल्लीतल्या एक बाई पापड करून विकायच्या. त्यांना गच्चीवर पावसाचा थेंब पडला की खाली घंटा वाजायला हवी होती. मी दोन उघड्या तारा शेजारी शेजारी लावून दिल्या. तारांवर पाणी पडलं की त्यातून करंट जातो, आयसीच्या कानातलं व्होल्टेज वाढतं आणि घंटा वाजते. भर मे महिन्यात बाई रोज दुपारी धापा टाकत गच्चीवर, आणि वर रणरणतं ऊन. तिसऱ्यांदा तक्रार आली तेव्हा मी स्वतः जाऊन जिन्यात लपून बसले. एक कावळा आला, शेजारच्या टाकीत बुचकळ्या मारून अंघोळ केली आणि ओल्या पायांनी ऐटीत तारांवर येऊन उभा राहिला. घंटा वाजली, बाई धावत आल्या, कावळा एक पापड घेऊन गेला. मी स्क्रू फिरवून अट अशी बसवली की कावळ्यापेक्षा जास्त ओल असेल तरच वाजायचं. बाई खूश झाल्या. कावळा बरेच दिवस तारांवर उभा राहून खाली बघत असे.

वाघोलीच्या एका कॉलेजातला मुलगा प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या दिवशी आला होता. मी त्याला पांढऱ्या जमिनीवरच्या काळ्या पट्टीमागे चालणारी गाडी करून दिली. तिला खाली बघणारे दोन डोळे आणि दोन कंपॅरेटर. परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमच्या पांढऱ्या साडीला काळे काठ होते आणि साडी जरा लोळत होती. गाडी पट्टी सोडून मॅडमच्या मागे लागली ती थेट व्हरांड्यापर्यंत गेली. मुलाला चांगले मार्क मिळाले, कारण मॅडम म्हणाल्या, हिला खरंच दिसतंय.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

आमच्या सोसायटीत दोन विंग, ए आणि बी. मध्ये अंगण आणि अंगणाला एक फाटक. फाटकावरचा दिवा लावायची पाळी आठवड्या-आठवड्याने एकेका घराकडे असायची. कोणी विसरायचं, कोणी लावून गावाला जायचं, आणि दिवा भर दुपारी सुद्धा जळत असायचा. सोसायटीचे चेअरमन शेंडेसाहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. अत्यंत सरळ माणूस, पण ठरावाशिवाय पाणी सुद्धा प्यायचे नाहीत. त्यांचा भाचा मिहीर, टाय लावणारा, बोलायला गोड. तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघत होते आणि मिहीरला त्याच्यासाठी नेमकं माझंच शटर हवं होतं. माझा करार दिवाळीनंतर संपत होता. शेंडेसाहेब दुकानात आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "गायकवाडबाई, आपल्या दुकानाचा सोसायटीला उपयोग काय, असा प्रश्न सभेत येणार. उत्तर तयार ठेवा."

मला राग आला. मी म्हटलं, उत्तर फाटकावर टांगते. आपोआप लागणारा आणि आपोआप विझणारा दिवा करून देते. दिवाळीनंतरच्या वार्षिक सभेपर्यंत तो नीट चालला तर शटर माझं, नाही चालला तर तुमच्या भाच्याचं. शेंडेसाहेबांनी तिथल्या तिथे याचा ठराव करून घेतला. घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं. रागाच्या भरात मी आपलं दुकान एका बल्बवर लावून बसले होते.

पहिली अडचण अंदाजपत्रकात आली. मी सगळ्या वस्तूंची यादी दिली. आयसी, उजेड मोजणारी चकती म्हणजे एलडीआर, दिव्याचं बटण दाबायचं काम करणारा रिले, प्रीसेट वगैरे, आणि अगदी शेवटी एक जादा रेझिस्टन्स. शेंडेसाहेबांची नोकरीतली एक सवय होती. अंदाजपत्रक कितीही चोख असो, त्यातली शेवटची ओळ लाल पेनाने कापल्याशिवाय ते मंजूर करत नसत. त्यांचं म्हणणं, माणूस गरजेचं आधी लिहितो आणि चैनीचं शेवटी. त्यांनी विचारलं, हा रेझिस्टन्स कशासाठी? मी म्हटलं, एकदा घेतलेल्या निर्णयाला दिव्याने चिकटून राहावं म्हणून. ते म्हणाले, दिव्याला निर्णय कसला, आणि ओळ कापली.

आमचे हे म्हणाले, "अगं, तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मूठभर मिळतात असले रेझिस्टन्स. गुपचूप लावून टाक की." मी म्हटलं, मुळीच नाही. कापली ना ओळ? मग कापलेलं काय असतं ते बघू देत. माझा स्वभाव असा आहे, त्याला इलाज नाही. हे अजूनही म्हणतात की खरा रेझिस्टन्स तो नसून मीच होते.

सर्किट एका गुलाबी साबणाच्या डबीत बसवलं आणि गच्चीवर टाकीखाली ठेवलं. एलडीआर कठड्यावर आभाळाकडे तोंड करून. उजेड कमी झाला की अधिकच्या कानातलं व्होल्टेज वाढणार, ते अटीच्या वर गेलं की रिले टक् करून दिवा लावणार. आता फक्त स्क्रू फिरवून अट बसवायची होती. मी शेंडेसाहेबांना म्हटलं, अंधार झाला की मला सांगा, मी स्क्रू बसवते. ते म्हणाले, अंधार झाला की नाही हे मी एकटा कसं ठरवणार?

मग त्यासाठी सभा झाली. हे मी गमतीने सांगत नाही, त्याचं इतिवृत्त लिहिलं गेलं होतं. आमची बी विंग पश्चिमेला, पुढे मोकळं मैदान. ए विंग तिच्या सावलीत. त्यामुळे ए विंगमध्ये संध्याकाळ लवकर यायची आणि बी विंगमध्ये उशिरा. ए विंग म्हणे सहाला अंधार पडतो, बी विंग म्हणे काहीच्या काही. बी विंगचे पुढारी वानखडेकाका, यवतमाळकडचे, नोकरीनिमित्त पुण्यात आले आणि इथेच राहिले. ते म्हणाले, समोरून येणारा माणूस वर्गणी मागायला येऊन राहिला का नाही हे दिसेनासं झालं की अंधार. ए विंगच्या आपटेकाकू, निवृत्त शिक्षिका. त्यांचं म्हणणं, बाल्कनीत बसून पेपरातल्या निधनवार्ता वाचता येईनाशा झाल्या की अंधार. निधनवार्ताच का, असं कोणी तरी विचारलं. काकू म्हणाल्या, टाइप सर्वांत बारीक असतो आणि मजकूर विश्वासार्ह असतो. तासभर चर्चा होऊन ठराव झाला की आपटेकाकूंचे वाचन ज्या क्षणी थांबेल तो क्षण म्हणजे अंधार.

ठरल्या दिवशी दुपार कलल्यावर सगळे आपापल्या जागी गेले. काकू दुसऱ्या मजल्यावर बाल्कनीत खुर्चीत. त्यांनी मुद्दाम लवकर थांबू नये म्हणून बी विंगतर्फे वानखडेकाका शेजारी स्टुलावर. गच्चीवरून बाल्कनी दिसत नाही, म्हणून खाली अंगणात शेंडेसाहेब, घड्याळ आणि वही घेऊन. गच्चीवर मी, हातात स्क्रूड्रायव्हर. काकूंनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. कोण कुठले पेठेतले लोक एकामागून एक जात होते. अजून चांगलं ऊन होतं, म्हणून मी कठड्याला टेकून निवांत उभी होते.

तेवढ्यात काकूंचा आवाज थांबला. झालं असं होतं की यादीत गोडबोले हे नाव आलं. काकूंच्या शाळेत एक गोडबोले मास्तर होते, पंचवीस वर्षांचे सहकारी. काकू पेपर मांडीवर ठेवून गप्प झाल्या. वानखडेकाकांनी ओळख ना पाळख, तरी टोपी काढून हात जोडले. खाली शेंडेसाहेबांना यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यांना वाचन थांबलेलं ऐकू आलं, म्हणजे ऐकू येईनासं झालं. त्यांनी वर मान करून ओरडून सांगितलं, "अंधार झाला." मी ऊन बघितलं, खाली बघितलं, पुन्हा विचारलं. ते म्हणाले, झाला म्हणजे झाला, नोंद केली आहे. मी स्क्रू फिरवला, टक् आवाज आला आणि फाटकावरचा दिवा लख्ख उन्हात लागला.

दुसऱ्या दिवशी मी शेंडेसाहेबांना सगळा प्रकार सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठरावात वाचन थांबणे एवढेच नमूद आहे. थांबण्याचे कारण नमूद नाही." पुढच्या सभेपर्यंत त्यात बदल करता येत नव्हता. तेव्हापासून सोसायटीत त्या उजेडाला गोडबोले पातळी म्हणायला लागले.

आठवड्याभरात स्वतः गोडबोले मास्तर नातीच्या साखरपुड्याचं आमंत्रण घेऊन फाटकात उभे. गेले ते दुसरे गोडबोले होते. मास्तर वर बघून म्हणाले, उन्हात दिवा कशाला? आमच्या दिवसपाळीच्या वॉचमनने त्यांना नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. वॉचमन म्हणाला, मग तो तुमच्याच नावाने लावलाय. मास्तर काकूंकडे चहाला बसले तेव्हा कोणी काही बोललं नाही, पण जाताना फाटकाशी थांबून त्यांनी दिव्याकडे बराच वेळ बघितलं.

वानखडेकाका मात्र भडकले होते. ते दुकानात येऊन म्हणाले, "बाई, सूर्य अजून घरी गेला नाही आन् तुमचा दिवा कायले लागून राहिला?" मी हात वर केले. मग ते कपडे वाळत घालायचं निमित्त करून गच्चीवर गेले आणि चमच्याच्या मागच्या टोकाने स्क्रू थोडा फिरवला. दिवा अंधार गुडूप झाल्यावर लागला. ए विंगमधलं कोणी तरी ठेचकाळलं, तेव्हा तिकडून कोणी तरी जाऊन तो उलटा फिरवला. बघता बघता सगळ्या सोसायटीला गच्चीवर कपडे वाळत घालायचा नाद लागला. एरवी चहा सुद्धा न करणारे पुरुष बादल्या घेऊन जिने चढायला लागले. शेंडेसाहेबांनी डबीवर पाटी लावली: "हा स्क्रू सार्वजनिक नाही. फिरवण्याची इच्छा झाल्यास डोके फिरवून खाली जावे." त्या पाटीमुळे ज्यांना स्क्रू कुठे आहे हे माहीत नव्हतं त्यांनाही कळलं.

मी वरून हसत होते, पण मनातून हादरले होते. सभा जवळ येत होती. मिहीर एक दिवस फाटकात कॉम्प्युटर मांडून बसला आणि म्हणाला, "मॅडम, बेसिकली हे सॉफ्टवेअरनी दोन मिनिटांत होतं." त्याने पडद्यावर दिव्याचं चित्र काढलं होतं. ठरलेल्या वेळी चित्र पिवळं व्हायचं, ठरलेल्या वेळी काळं. तो फाटकावरच्या बल्बला कसा जोडणार, असं मी विचारलं तर म्हणाला, ते पुढच्या व्हर्शनमध्ये. तरी लोक कौतुकाने बघत होते. चित्रातला दिवा अगदी वेळेवर लागत होता, आणि माझा खरा दिवा तमाशा करत होता. त्या संध्याकाळी दुकानात बसून मी पाटीकडे बघितलं आणि मला रडू आलं. पुन्हा "सध्या घरीच का?" ऐकायची माझी तयारी नव्हती.

वार्षिक सभा अंगणात भरली, संध्याकाळी, फाटकाच्या दिव्याखाली. पहिल्या रांगेत शेंडेसाहेबांची बहीण आणि मिहीर. शेंडेसाहेबांच्या हातात विषयपत्रिका. शेवटून दुसरा विषय फाटकाच्या दिव्याचा, आणि सर्वांत शेवटचा, शटर संगणक वर्गास देण्याबाबत. त्या दिवशी कोणाच्या तरी चमच्याने स्क्रू नेमका अशा जागी आणून ठेवला होता की सभेच्या वेळचा उजेड आणि आतली अट अगदी बरोबरीला आली होती. आभाळात ढगांचे पुंजके चालले होते. ढग आला, दिवा लागला. ढग सरकला, विझला. पुढे तर नुसतं टकटकटकटक सुरू झालं. आयसी बिचारा खरंच सांगत होता. आता जास्त आहे, आता कमी आहे, आता जास्त आहे. तिळाएवढ्या फरकाने पारडं वर-खाली आपटत होतं. रस्त्यावरून जाणारे दोघे आत डोकावून विचारून गेले, ही दिवाळीची माळ कुठे मिळाली.

सभा हसायला लागली. मिहीरची आई म्हणाली, यापेक्षा पाळी बरी होती. शेंडेसाहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "गायकवाडबाई, याचे कारण काय?"

मी उभी राहिले. "साहेब, तुम्ही कापलेली ओळ."

वर दिवा टकटकत होता. मी सगळ्यांना समजावून सांगितलं. तो रेझिस्टन्स आयसीच्या बाहेरच्या पायापासून मागे अधिकच्या कानाला जोडायचा असतो. दिवा लागला की तो रेझिस्टन्स आयसीच्या कानात सांगतो, लावलास ना, मग जरा टिकून राहा. मग बारीकसा ढग आला-गेला तरी आयसी डळमळत नाही, विझायला चांगला जास्त उजेड लागतो. आणि विझला की पुन्हा लागायला चांगला जास्त अंधार लागतो. म्हणजे एकाच्या जागी दोन पातळ्या होतात. एक संध्याकाळी लागायची, एक सकाळी विझायची. संध्याकाळची बी विंगने ठरवावी, सकाळची ए विंगने. ए विंगच्या लोकांना पहाटे दुधाच्या पिशव्या आणायला फाटकापर्यंत यावं लागायचं, त्यांना सकाळी दिवा जास्त वेळ हवा होता. बी विंगला संध्याकाळी तो उशिरा हवा होता. दोघांचं भांडण एकाच स्क्रूवर होतं म्हणून मिटत नव्हतं.

वानखडेकाका उठून म्हणाले, "म्हणजे साहेब, गोडबोले पातळी सकाळकडे सरकवा, अन् संध्याकाळ आमाले द्या. ठराव रद्द कराची गरजच नाही ना बाप्पा." ठराव रद्द करावा लागत नाही हे ऐकून शेंडेसाहेबांचा चेहरा उजळला. मी म्हटलं, पण आधी कापलेली ओळ परत मंजूर करा. त्याशिवाय मी जिना चढणार नाही. सूचक वानखडे, अनुमोदक आपटेकाकू. मंजूर झाली.

रेझिस्टन्स कुठून आणणार, असं कोणी तरी म्हणालं. दसऱ्यापासून तो माझ्या पर्समध्ये होता. मी गच्चीवर गेले, डबी उघडली आणि दोन पायांना रेझिस्टन्सच्या तारा पिळून बांधल्या. सोल्डर दुसऱ्या दिवशी केलं. मग स्क्रू बसवला. दोनदा स्क्रूड्रायव्हर निसटला. डबीतून टकटक ऐकू येत होती. मग एकदाच टक् झालं आणि पुढे काही ऐकू आलं नाही. कठड्यावरून वाकून बघितलं तर दिवा स्थिर जळत होता. वरून एक ढग गेला, मग दुसरा गेला. खाली सगळे माना वर करून बघत होते.

मी खाली येऊन बसले. आता शेवटचा विषय उरला होता. शेंडेसाहेबांनी दिव्याकडे बघितलं, मग पहिल्या रांगेत बहिणीकडे बघितलं. बहिणीला त्यांनी शब्द दिला होता, हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं. मिहीरने टाय सरळ केला. दिवा सभेपर्यंत नीट चालला पाहिजे असा ठराव होता, आणि तो सभेपर्यंत काही नीट चालला नव्हता, सभेतच नीट झाला होता. ठरावावर बोट ठेवलं असतं तर माझं दुकान गेलंच होतं, आणि शेंडेसाहेब ठरावावर बोट ठेवणारे. मी हात मांडीवर घट्ट धरून बसले.

त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, टोपण काढलं, आणि विषयपत्रिकेची शेवटची ओळ सावकाश, पट्टीने मारावी तशी सरळ कापली. कागद सगळ्यांना दिसेल असा धरला. "शेवटची ओळ कापल्याशिवाय मला काही मंजूर करता येत नाही," ते म्हणाले. "सभा संपली."

बहीण त्यांच्याशी त्या सभेपासून पुढच्या भाऊबीजेपर्यंत बोलली नाही. मिहीरने मोठ्या रस्त्यावर क्लास काढला, तो चांगला चालला, पुढे तो परदेशी गेला. जाण्याआधी येऊन माझ्याकडून अंधारात लागणाऱ्या दिव्याचं एक सर्किट घेऊन गेला. म्हणाला, तिकडे गॅरेजला लावीन. मी त्याला रेझिस्टन्स जास्तीचे दोन दिले.

त्यानंतर सोसायटीची सगळी कामं माझ्याकडे आली. टाकीचा भोंगा, लिफ्टची घंटा, पंपाचा आपोआप चालू-बंद. प्रत्येक अंदाजपत्रकात मी खरं काम वर लिहायची आणि शेवटची ओळ खास शेंडेसाहेबांसाठी ठेवायची. भोंग्यासाठी चांदीचं घुंगरू एक. पंपासाठी अत्तर, अर्धी बाटली. घंटेसाठी कावळा, प्रशिक्षित. ते गंभीर चेहऱ्याने वाचायचे, लाल पेन काढायचे, कापायचे आणि म्हणायचे, हे चैनीचे आहे. आम्ही दोघं यावर कधीच हसलो नाही. हसलो असतो तर पुढच्या वेळी मजा गेली असती.

पुढे सगळं चिनी मालावर आलं. दिवे आपोआप लागणारेच मिळायला लागले, सोसायटीत आयटीतली मुलं राहायला आली, ती फोनवरून पंखा सुद्धा लावायची. गिऱ्हाईक आटलं. माझी नजर मंदावली, एलडीआरसारखीच, उजेड असला तर बरी. शेंडेसाहेब ऐंशीच्या पुढे गेले होते, चेअरमनपद कधीच सुटलं होतं, पण अंदाजपत्रकं त्यांनाच दाखवायची पद्धत राहिली होती. फाटकाच्या दिव्याची साबणाची डबी उन्हाने तडकली होती, ती बदलायचं काम निघालं. मी यादी केली. नवी डबी, नवा रिले, वायर. शेवटची ओळ मी या वेळी खरी लिहिली: हे काम झाल्यावर दुकान बंद.

ते बाल्कनीत बसले होते. कागद डोळ्यांजवळ धरून त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला आणि शेवटच्या ओळीवर थांबले. मला वाटलं, दिसत नसेल, म्हणून मी वाचून दाखवायला पुढे झाले.

त्यांनी हाताने मला थांबवलं, खिशातून लाल पेन काढलं आणि ओळ कापली. या वेळी रेघ वाकडी आली.

मी कागद घेऊन खाली आले आणि शटर वर केलं.